दोन हजार बाट काढायला किती रुपये लागतात?

"डॉलर इथूनच घेऊन जाऊ, की तिथे गेल्यावर एटीएममधून काढू?" परदेशी सहल ठरली की हा प्रश्न हमखास निघतो, आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी सांगते, रोकड न्यायची नाही, चोरीला जाते. कोणी सांगते, एटीएमच्या नादी लागू नका, फार कापतात. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण किती कापतात, कोण कापते आणि त्यातले किती टाळता येते, हे समजल्याशिवाय यातला कोणताही सल्ला आपल्या कामाचा नाही.

उदाहरणासाठी थायलंड घेऊ. महाराष्ट्रातून पहिल्यांदा परदेशी जाणारी बरीच मंडळी तिथेच जातात. शिवाय मोठी हॉटेले आणि मॉल सोडले, तर रात्रबाजारातला खाऊ, टुकटुक, बेटावर नेणारी छोटी बोट या सगळ्याला तिथे रोख बाट लागतात. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून १ बाट म्हणजे २ रुपये ५० पैसे आणि १ डॉलर म्हणजे ८५ रुपये किंवा ३४ बाट असे धरू. प्रत्यक्षातला दर रोज हलतो. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

१. एका व्यवहाराचे चार वाटेकरी

बँकॉकच्या एटीएममध्ये आपले साधे डेबिट कार्ड घालून २,००० बाट काढले. बाजारभावाने त्याचे ५,००० रुपये झाले. खात्यातून मात्र त्याहून बरेच जास्त जातात, कारण मधे चौघांचा वाटा असतो.

पहिला वाटेकरी म्हणजे ते यंत्र ज्या बँकेचे आहे ती बँक. थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाटांच्या आसपास फी घेतात, काही ठिकाणी थोडी जास्तही. ही फी यंत्र आधी पडद्यावर सांगते आणि काढलेल्या रकमेतच मिळवते. म्हणजे आपल्या हातात २,००० बाट आले, तरी खात्यावर २,२२० बाटांची मागणी जाते.

दुसरा वाटेकरी कार्डाचे जाळे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. बाटांचे रुपये करण्याचा दर हे जाळे ठरवते. तो बँका आपसात ज्या भावाने चलन घेतात-देतात त्याच्या अगदी जवळचा असतो. चौघांत हाच सर्वांत कमी घेणारा, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तिसरी वाटेकरी आपली स्वतःची बँक. ती दोन प्रकारे घेते. परदेशी यंत्र वापरल्याबद्दल एक ठरीव रक्कम, साधारण १०० ते १५० रुपये. आणि चलन बदलल्याबद्दल रकमेवर टक्केवारी, जिला बँकेच्या भाषेत मार्कअप म्हणतात. अनेक डेबिट कार्डांवर हा मार्कअप साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. चौथा वाटेकरी सरकार. बँकेने घेतलेल्या या दोन्ही रकमांवर १८ टक्के जीएसटी लागतो.

आता बेरीज करू. २,२२० बाटांचे ५,५५० रुपये. त्यावर साडेतीन टक्के, म्हणजे १९४ रुपये. ठरीव फी १२५ रुपये धरू. या दोन्हींवर जीएसटी सुमारे ५७ रुपये. एकूण ५,९२६ रुपये. पाच हजारांच्या नोटा हातात यायला नऊशेच्या वर भुर्दंड पडला, म्हणजे शेकडा साडेअठरा. रोज संध्याकाळी खर्चापुरते थोडे थोडे काढायचे, ही आपल्याकडची शहाणी सवय तिथे अशी महागात पडते.

२. ठरीव फी आणि टक्केवारी

या वाटेकऱ्यांकडे नीट पाहिले, तर त्यांच्या मागण्यांचे दोन वर्ग पडतात. २२० बाट आणि १२५ रुपये या रकमा ठरीव आहेत. पोते एक असो की वीस, बाजार समितीपर्यंतचे टेम्पोचे भाडे तेवढेच पडते, तसे हे. मार्कअपचे तसे नाही. तो रकमेबरोबर वाढतो.

म्हणून ठरीव फीवरचा उपाय एकच: कमी वेळा काढायचे, पण एका वेळी जास्त काढायचे. थायलंडमधल्या बऱ्याच यंत्रांतून एका वेळी २०,००० बाट निघतात. तेवढे एकदम काढले, तर ५०,००० रुपयांच्या रकमेवर यंत्राची फी तीच, ५५० रुपये. मार्कअप १,७६९, आपल्या बँकेची फी १२५ आणि जीएसटी ३४१ रुपये. सगळा मिळून जादा खर्च २,७८५ रुपये, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. साडेअठरावरून साडेपाचवर आलो, आणि त्यासाठी कार्ड बदलावे लागले नाही की बँकेत खेपही घालावी लागली नाही.

चौघांचे कुटुंब असेल, तर चौघांनी आपापल्या कार्डावर थोडे थोडे काढण्याऐवजी एकानेच सर्वांसाठी काढावे. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातून रोज किती काढता येतील ती मर्यादाही पाहून घ्यावी. ती कमी ठेवलेली असेल, तर मोठी रक्कम यंत्राजवळ उभे राहिल्यावर नाकारली जाते आणि नाइलाजाने लहान लहान रकमा काढाव्या लागतात.

मात्र साडेपाच टक्क्यांतला मोठा हिस्सा मार्कअपचा आहे. तो कितीही मोठी रक्कम काढली तरी हटत नाही. त्याला कार्डच बदलावे लागते. त्याआधी एका पाचव्या वाटेकऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे. तो आपण बोलावल्याशिवाय येत नाही, पण आला तर सर्वांत जास्त नेतो.

३. "रुपयांत कापू का?"

बँकॉकच्या एखाद्या यंत्रासमोर उभे आहोत असे समजा. कार्ड घातले, इंग्रजी निवडले, पिन दाबला, खाते 'सेव्हिंग्ज' सांगितले, रक्कम टाकली. पडदा म्हणतो, २२० बाट फी लागेल, मान्य आहे का? हो म्हणावेच लागते. मग एक नवा पडदा येतो. त्यावर मोठ्या अक्षरांत रुपयांतला आकडा: आत्ता एवढे रुपये कापले जातील, दर अमुक, हमखास. खाली दोन बटणे. एकावर 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन', दुसऱ्यावर 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'कंटिन्यू विदाउट कन्व्हर्जन'.

परक्या देशात, परक्या नोटांच्या गोंधळात आपला रुपया दिसला की हायसे वाटते. किती गेले ते तिथल्या तिथे कळते, यंत्रही विश्वासू वाटते. शिवाय 'डिक्लाइन' या शब्दाचा धाक वाटतो. व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल, मागे रांग आहे. म्हणून माणूस 'ॲक्सेप्ट' दाबून मोकळा होतो.

या सोयीला बँकेच्या भाषेत डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी म्हणतात. यात बाटांचे रुपये करण्याचे काम व्हिसा-मास्टरकार्डकडून काढून घेतले जाते आणि यंत्राची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी स्वतःच्या दराने ते करते. म्हणजे चौघांत ज्याचा दर सर्वांत चांगला होता, त्यालाच आपण बाजूला सारतो. नवा दर बाजारभावापेक्षा पाच, आठ, कधी दहा टक्क्यांहूनही महाग असू शकतो.

आठ टक्के धरून पाहू. २०,२२० बाटांचे खरे ५०,५५० रुपये, पण या दराने ५४,५९४. एका बटणाचे ४,०४४ रुपये झाले. यंत्राची फी आणि आपल्या बँकेची ठरीव फी आहेच. रक्कम रुपयांत आली म्हणजे आपल्या बँकेचा मार्कअप तरी वाचेल, अशी आशा वाटते. तीही नेहमी खरी ठरत नाही, कारण परदेशी यंत्रावर वा दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळे शुल्क लावणाऱ्या भारतीय बँका आहेत.

'डिक्लाइन' दाबल्याने व्यवहार रद्द होत नाही. फक्त रूपांतर नाकारले जाते. नोटा बाहेर येतात आणि हिशेब बाटांत होतो. काही यंत्रे नकारानंतर "नक्की का?" असे पुन्हा विचारतात, काही पडद्यावर नकाराचे बटण लहान किंवा फिकट असते. शांतपणे दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचे. यंत्र ऐकतच नसेल, तर 'कॅन्सल' दाबून दुसऱ्या यंत्राकडे जावे. दुकानात आणि हॉटेलातही कार्डयंत्रावर हाच प्रश्न येतो. तिथे विक्रेता आपल्या सोयीसाठी म्हणून स्वतःच रुपयांचे बटण दाबून टाकण्याची शक्यता असते. म्हणून यंत्र आपल्या हातात मागून घ्यावे, आणि पावतीवर स्थानिक चलनच छापले आहे ना, ते सही करण्यापूर्वी वाचावे.

थायलंडमध्ये बाट, युरोपात युरो, जपानमध्ये येन. कार्ड ज्या देशात चालवतो त्या देशाचे चलन निवडायचे. या एका नियमाला मला तरी अपवाद माहीत नाही.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये कायदा करून अशा रूपांतरात युरोपीय केंद्रीय बँकेच्या दरावर किती टक्के चढवले, ते ग्राहकाला आधी सांगणे बंधनकारक केले. तो कायदा त्या संघातल्या चलनांच्या व्यवहारांसाठी आहे. रुपयाच्या कार्डाला त्याचे संरक्षण मिळेल असे धरून चालू नये. उलट पर्यटकांच्या गर्दीत, प्रेक्षणीय स्थळांच्या दाराशी, कोणत्याही ओळखीच्या बँकेची शाखा नसलेली जी सुटी यंत्रे उभी असतात, त्यांत हा प्रश्न हटकून विचारला जातो. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले यंत्र निवडावे.

४. कोणते कार्ड?

आता मार्कअपकडे वळू. काही बँका आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कंपन्या शून्य मार्कअपचे कार्ड देतात. त्यात जाळ्याचा दर जसाच्या तसा मिळतो. अशा डेबिट कार्डाने तेच २०,००० बाट काढले आणि बँकेने १२५ रुपयांची फी घेतली, तर एकूण जादा खर्च ५५० अधिक १२५ अधिक जीएसटी २२.५०, म्हणजे सुमारे ७०० रुपये. दीड टक्क्याच्याही आत. वर्षातून एकदा परदेशी जाणाऱ्यालाही असे एक खाते उघडून ठेवणे फायद्याचे आहे. फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, आणि शून्य मार्कअप एटीएमवरही आहे की फक्त खरेदीवर. आणि अशा कार्डावर डीसीसीला होकार दिला, तर शून्य मार्कअपचा सगळा फायदा त्या एका बटणात संपतो.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घेतलेले परकीय चलनाचे कार्ड. त्यात भरतानाच दर पक्का होतो, हा त्याचा गुण; पुढे रुपया घसरला तरी आपल्याला झळ नाही. पण भरतानाच्या दरात देणाऱ्याचा नफा असतो, आणि एटीएमवर प्रत्येक वेळी दोन-एक डॉलर फी पडते. मोठी चूक होते ती वेगळीच. कार्डात डॉलर भरलेले असतात आणि खर्च होतो बाटांत. मग कार्डातल्या डॉलरचे बाट करताना पुन्हा दोन ते साडेतीन टक्के जातात. ज्या देशात जायचे त्याचेच चलन भरता येत असेल, तरच हे कार्ड उपयोगाचे.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढणे म्हणजे कर्ज काढणे. काढलेल्या रकमेवर साधारण अडीच टक्के आणि किमान काहीशे रुपये शुल्क, वर पहिल्या दिवसापासून महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या दराने व्याज. खरेदीवर मिळते ती बिनव्याजी मुदत इथे नसते. शून्य मार्कअपच्या क्रेडिट कार्डालाही हे व्याज चुकत नाही. ते कार्ड दुकानात आणि हॉटेलात वापरावे, नोटा काढायला नाही.

रुपे कार्डाबद्दलही नेहमी विचारले जाते. फक्त देशांतर्गत वापराचे साधे रुपे कार्ड परदेशात चालत नाही. रुपे ग्लोबल प्रकारचे कार्ड डिस्कव्हर आणि डायनर्स क्लब यांच्या जाळ्यावर चालते, म्हणून यंत्रावर त्यांची चिन्हे शोधावी लागतात. आपले कार्ड कोणते, ते त्याच्यावरच छापलेले असते.

५. इथूनच डॉलर नेले तर?

हा मार्ग जुना म्हणून मागास ठरत नाही. थायलंडपुरते बोलायचे तर तो स्वस्तही पडू शकतो, कारण बँकॉकमध्ये मनी चेंजरची स्पर्धा जबरदस्त आहे. रातचादामरी भागातल्या सुपररिचसारख्या पेढ्यांवर डॉलरचा खरेदी-विक्रीचा भाव एकमेकांना अगदी खेटून असतो.

हिशेब करू. मुंबईत किंवा पुण्यात ८५ रुपयांचा डॉलर ८६ ला मिळाला. ६०० डॉलरचे ५१,६०० रुपये, वर जीएसटी सुमारे ९३ रुपये. (चलन विकत घेताना जीएसटी सगळ्या रकमेवर लागत नाही, एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हा सेवेचा मोबदला मानतात आणि त्यावर १८ टक्के लावतात.) बँकॉकच्या चांगल्या पेढीवर ३३.८० ने ते मोडले, तर २०,२८० बाट मिळतात, म्हणजे बाजारभावाने ५०,७०० रुपयांचे. नुकसान हजाराच्या आत, दोन टक्क्यांहून कमी. साध्या डेबिट कार्डापेक्षा हे नक्कीच बरे. पण तेच डॉलर हॉटेलच्या काउंटरवर ३२.५० ने मोडले, तर १९,५०० बाटच हाती येतात आणि नुकसान तीन हजारांजवळ जाते. तेव्हा डॉलर नेले म्हणजे वाचले असे नाही. मोडले कुठे यावर सगळे आहे. सुवर्णभूमी विमानतळावरही आगमनाच्या मजल्यावरच्या काउंटरपेक्षा खाली तळघरात, शहराच्या रेल्वेजवळ असलेल्या पेढ्यांचा भाव बराच चांगला असतो.

नोटा घेताना शंभराच्या मागाव्यात. बँकॉकमध्ये १०० डॉलरच्या नोटेला वेगळा, वरचा भाव आणि वीस-दहाच्या नोटांना खालचा भाव असे फलकावरच लिहिलेले असते. फाटलेली, पेनाने लिहिलेली किंवा शिक्का उमटलेली नोट नाकारली जाते. पासपोर्ट जवळ हवा.

आपल्याकडचे नियमही ध्यानात असावेत. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच चलन नेता येते, बाकीचे कार्डावर. चलन विकत घेताना रोख रुपये ५०,००० पर्यंतच देता येतात, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. पावती जपून ठेवावी.

चोरी झाली तर नोटा गेल्या त्या गेल्या, कार्ड मात्र फोन करून बंद करता येते. म्हणून स्वस्त पडते एवढ्यासाठी सगळी रोकड कंबरेला बांधून न्यावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही. वडीलधाऱ्यांना तर नाहीच. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते डॉलर, नंतर लागलेच तर शून्य मार्कअपच्या कार्डाने एकदाच मोठी रक्कम, आणि जिथे कार्ड चालते तिथे थेट कार्ड. थायलंडसाठी ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते.

६. देश बदलला की बेत बदलतो

जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या यंत्रांवर आणि पोस्टाच्या यंत्रांवर परदेशी कार्ड चालते, फीही थायलंडच्या मानाने अगदी किरकोळ, रुपयांत शंभर-दीडशेच्या घरात. तिथे येनची थप्पी इथून नेण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये बँकांची बहुतेक यंत्रे स्वतःची फी लावत नाहीत. जे लावते ते तसे सांगते. अमेरिकेत यंत्राची फी साधारण तीन ते पाच डॉलर, पण तिथे रोकड लागतेच कमी. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी सुटे शे-दोनशे डॉलर नेले, तर एटीएमचे तोंडही पाहावे लागत नाही.

नेपाळचे गणित निराळे आहे. तिथला रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दर पक्का असल्याने डॉलरच्या वाटेने जाण्याचा प्रश्नच नाही. नेपाळ, भूतान, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, मॉरिशस इथे ठरावीक ठिकाणी यूपीआयही चालते. ते जिथे चालते तिथे तेवढी रोकड कमी लागते.

७. निघण्यापूर्वी आणि परतताना

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड मुळात फक्त देशात चालू असते. परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. ॲपमध्ये एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची वेगवेगळी कळ असते. दुकानाची चालू केली आणि एटीएमची राहिली, तर नोटा मिळणार नाहीत. कळ चालू करताना येणारा ओटीपी परदेशात आपल्या सिमवर येईलच असे नाही, म्हणून हे काम घरूनच करावे. दोन कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

यंत्र शक्यतो बँकेच्या कामाच्या वेळेत, शाखेला लागून असलेले वापरावे. कार्ड अडकले तर आत जाऊन सांगता येते. खात्यातून रक्कम गेली आणि नोटा बाहेर आल्या नाहीत, तर यंत्राचा क्रमांक आणि वेळ यांचा फोटो काढून त्याच दिवशी आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी. ठरल्या मुदतीत पैसे परत न आल्यास रोज १०० रुपये भरपाईचा जो नियम आपल्याकडे आहे, तो देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. परदेशी तक्रारीला वेळ लागतो आणि पुरावा आपल्यालाच सांभाळावा लागतो.

शेवटचे दोन दिवस उरलेल्या नोटांसाठी राखावेत. परतल्यावर बाट मोडायला गेलात, तर इथला भाव पडलेला असतो आणि नाणी कोणी घेतच नाही. म्हणून शेवटच्या मुक्कामी हॉटेलचे बिल द्यायचे असेल, तर उरलेल्या नोटा आणि नाणी आधी द्यावीत आणि राहिलेली रक्कम कार्डावर भरावी. बहुतेक हॉटेले अशी दोन भागांत रक्कम घेतात. डॉलर उरले तर २,००० पर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवायला परवानगी आहे, त्यावरचे १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे जमा करायचे. फॉरेक्स कार्डातली शिल्लकही परत मागून घ्यावी. वापर नसलेल्या कार्डावर काही बँका ठरावीक मुदतीनंतर फी लावायला सुरुवात करतात.